माझ्या पोटातलं सातवं दार

मी एक जुना खेळाचा डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला दुपारच्या भाकरीचा आठवला असेल, तर मित्रांनो, जरा मोठं बघा. कपाटाएवढा उंच, छातीत टीव्हीची काच, काचेखाली एक दांडी आणि तीन बटणं, आणि गुडघ्याच्या उंचीवर रुपया टाकायची एक फट. इंग्रजीत माझं नाव फार भारदस्त होतं, पण आष्ट्यात मला सगळे 'गेमचा डबा' म्हणत, आणि हाक मारणारे इतके होते की मीही तेच नाव धरून बसलो.

सध्या मी मलकापूरच्या एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या डाव्या-उजव्या हाताला माझ्यासारखे आणखी अकरा आहेत. त्यांचीही तोंडं भिंतीकडे. वर्गात शिक्षा झालेली मुलं उभी असतात ना, तशीच. आमची शिक्षा कशाबद्दल, ते सांगतो.

माझं अंग प्लायवूडचं. सुताराने ते चार दिवसांत ठोकलं आणि मजुरी घेऊन तो निघून गेला. काच बसवणाऱ्याने काच बसवली, पैसे घेतले, तोही गेला. माझी अक्कल मात्र दूरदेशीच्या एका बड्या कंपनीची. अक्कल म्हणजे एक हिरवी पाटी, वहीच्या दोन पानांएवढी. तिच्यावर काळ्या चिपा दाटीने बसलेल्या. ही कंपनी कधीच गेली नाही. मी जिथे उभा राहीन तिथल्या प्रत्येक रुपयातले दहा आणे तिचे, सहा आणे जागा देणाऱ्याचे, असा करार होता. जागेचं भाडं, विजेचं बिल आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या, हे सगळं सहा आण्यांत. मागच्या दाराला कंपनीचं कुलूप, कुलपाला तार, तारेला शिशाचं सील. म्हणजे माझं स्वतःचं पोट उघडायची किल्ली ना माझ्याकडे, ना मला सांभाळणाऱ्याकडे.

आणि तोंड? माझ्या तोंडात कंपनीने एकच वाक्य घातलं होतं: नाणं टाका. तेही इंग्रजीत, लुकलुकणाऱ्या अक्षरांत. मला आनंद झाला तरी नाणं टाका, दुःख झालं तरी नाणं टाका. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यानेच माझा गळा आवळला.

सन १९९४ च्या दिवाळीनंतर मी आष्ट्याला आलो. अजितकुमार नावाच्या जैन व्यापाऱ्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. गाव त्यांना अजितअण्णा म्हणे. दुकानाला लागून एक रिकामी खोली होती आणि वरच्या मजल्यावर टायपिंग क्लास. अण्णांची पत्नी त्रिशलाकाकू गल्ल्यावर बसत. त्यांनी मला पहिल्यांदा चालू झालेलं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आवं, ह्यात माणसं मारत्यात की! आपल्या घरात हे शोभतंय व्हय?"

"माणसं कुठली? ठोकळं हायत ते," अण्णा म्हणाले. "बघ, रगात न्हाई का काय न्हाई. पडला की नुसता गायब हुतोय."

"मोक्षाला जातोय म्हणा की," काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

खेळ साधा होता. एक छोटा वीर सात दारं ओलांडत राजवाड्यात जातो. प्रत्येक दारावर एक राक्षस. माझ्या कुशीवर मोठं चित्र होतं: सातवं दार अर्धवट उघडलेलं आणि आतून पिवळाधमक उजेड बाहेर सांडतोय. वीराचं इंग्रजी नाव कुणी वाचलंच नाही. आष्ट्याने त्याला 'बारक्या' केला. दुसऱ्या दारावरचा घामाघूम जाड्या 'गुळव्या' झाला, कारण त्याच्यामागे कढईसारखं काहीतरी धुमसत असे. चौथ्या दारावरचा राक्षस बारक्याला मारत नसे, नुसता मागच्या दाराला परत पाठवत असे. त्याला सगळ्यांनी एकमताने 'तलाठी' म्हटलं.

पहिलं वर्ष माझं सुखाचं. रुपयाला तीन जीव मिळत. ट्रॅक्टर चालवणारा भाऊसो नांगरट सोडून येई आणि दांडी स्टिअरिंगसारखी पिळत उभा राही. शाळेतली पोरं मागून सूचना देत. माझ्या फटीत रुपया पडला की आतला आकडा एकाने सरके, आणि मला वाटे, आपलं कुणीतरी कौतुक केलं. त्या वयात मला कौतुक आणि गल्ला यांतला फरक कळत नव्हता. कंपनीला तो शेवटपर्यंत कळला नाही.

दर महिन्याला सांगलीहून कंपनीचा माणूस येई. काळी बॅग, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. आम्ही त्याला बॅगवाला साहेब म्हणू. तो सील तोडी, नाणी मोजी, नवं सील ठोकी. दुसऱ्या वर्षी त्याने नाणी मोजल्यावर लगेच दार लावलं नाही. हिरव्या पाटीवर आठ बारीक खटके असतात. त्यांतला एक त्याने पेनाच्या टोकाने खाली पाडला. झालं. तीन जिवांचे दोन झाले.

"आरं, माझा एक जीव कुठं गेला?" भाऊसो दुसऱ्या दिवशी ओरडला.

"मला काय इचारतोस? मी खाल्ला काय?" अण्णा म्हणाले.

तीन महिन्यांनी दुसरा खटका. आता तिसऱ्या दारापाशी बारक्याची तलवार आपोआप मोडू लागली. काचेवर नव्या तलवारीचं चित्र येई आणि खाली माझं ते एकुलतं एक वाक्य. म्हणजे आत शिरायला एक रुपया आणि हातात हत्यार ठेवायला दुसरा.

"अण्णा, ही कसली रीत? एस्टीत तिकीट काढल्यावर सीटला येगळं पैशे घेत्यात काय?"

"कंपनीचं हाय ते, भाऊसो."

"मग कंपनीला बलवा हिकडं! तलाठ्याच्या म्होरं उभी करू."

सगळे हसले, पण राग खरा होता. पोरांनी मिळून ठरवलं की डब्याला हात लावायचा नाही. बहिष्कार! आठ दिवस माझी दांडी थंड पडली. नवव्या दिवशी एक जण 'नुसतं बघायला' आला. त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा आला. दुसऱ्याने फितुरी करू नये म्हणून तिसरा. संध्याकाळपर्यंत बहिष्काराची सगळी समिती माझ्यापुढे रांगेत उभी होती, आणि भाऊसो पहिल्या नंबरवरून भांडत होता. माणसांचा हा हिशेब कंपनीने माझ्याआधी मांडून ठेवला होता, असं मला आता वाटतं.

आता प्रियदर्शनीकडे येतो.

ती धोंडिराम यांची मुलगी. धोंडिराम फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी यंत्रांवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एसटी स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातले निम्मे टीव्ही त्यांच्या हाताखालून गेलेले. घरी मात्र स्वतःचा टीव्ही नाही. दुरुस्तीला आलेला टीव्ही दोन-तीन दिवस घरी राही, मालिकेचा अर्धा भाग होई, आणि मालक येऊन तो घेऊन जाई. "आमच्याकडं टीव्ही पाव्हणा येतो," प्रियदर्शनी म्हणायची.

ती अकरावीत होती आणि वरच्या टायपिंग क्लासला जाई. काकू गल्ल्यावर असत म्हणून मुलींना खोलीत यायला संकोच नसे. पण खेळणारी ती एकटीच. पोरं दांडी उपटायला आल्यासारखी झटत. ती मान न हलवता नुसती बोटं चालवी. मिनिटाला तीस शब्दांच्या मराठी टायपिंग परीक्षेसाठी घोटलेली बोटं ती! चुकीच्या बटणावर कधी पडत नसत. गुळव्याला ती उभ्या-उभ्या झोपवी.

"घे, तलाठ्याकडनं सात-बारा आणलाच हिनं!" भाऊसो म्हणाला, तेव्हा ती चौथं दार ओलांडून गेली होती.

आणि सन १९९६ च्या उन्हाळ्यात साहेबाने माझ्या कपाळावर एक कागद चिकटवला: सातवं दार उघडणाऱ्यास कंपनीतर्फे रंगीत टीव्ही. नियम व अटी लागू. नियम व अटी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत होत्या. अण्णांनी त्या वाचल्या नाहीत. पै-पैची पावती दोनदा तपासणारा माणूस, पण छापील कागदावर सही-शिक्का दिसला की त्याचा विश्वास बसे. ही त्यांची चूक. उलट त्यांनी स्वतः खडूने दाराबाहेरच्या भिंतीवर लिहिलं: 'टीव्ही मिळणार. जबाबदारी दुकानाची.'

मित्रांनो, त्या दिवसापासून मी सुखाने उभा राहिलो नाही. कारण मला माझं पोट माहीत होतं. हिरव्या पाटीवर चिपांच्या सात खोबणी होत्या, आणि सातवी रिकामी होती. सातवं दार कंपनीने माझ्यात बसवलंच नव्हतं. ते नंतर निघणाऱ्या नव्या पाटीत येणार होतं. ती पाटी वेगळी, तिचा करारही वेगळा. माझ्या कुशीवरचा तो पिवळा उजेड म्हणजे नुसता रंग होता. मला हे सांगायचं होतं. जीव तोडून सांगायचं होतं. पण काचेवर काय उमटायचं? नाणं टाका.

श्रावणात प्रियदर्शनीने सहावा राक्षस पाडला. खोलीत हा गोंधळ! अण्णा पुस्तकं टाकून धावले, काकू गल्ला उघडा ठेवून आल्या. बारक्या सहाव्या दारातून आत गेला. काच काळी झाली. आणि बारक्या पुन्हा सहाव्या दारापुढेच उभा! वर उरलेले सेकंद उलटे मोजले जाऊ लागले, दहा, नऊ, आठ...

"माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली. "दारातनं जाताना उडी मारायची आसंल." आणि तिने रुपया टाकला.

कंपनीने मला नाणं गिळायला शिकवलं होतं, परत द्यायला नाही. तिने पुन्हा सहावा पाडला. पुन्हा काच काळी. पुन्हा तेच दार. तिला वाटलं, तलवारीने नाही, ढालीने जायचं असेल. मग वाटलं, एकही जीव न गमावता जायचं असेल. हुशार माणूस स्वतःतच चूक शोधत राहतो, आणि माझ्यासारख्या डब्याचं पोट त्यावरच भरतं.

अण्णांनी एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला. साहेबाने खेळाडूचंच काहीतरी चुकत असल्याचं सांगितलं, सराव वाढवायला सांगा म्हणाला. अण्णांनी निरोप जसाच्या तसा दिला. सराव वाढला.

तो कशातून वाढला हे मला आधी कळलं नाही. मग एक दिवस ती खेळत असताना तिची मैत्रीण अक्षता जिन्यावरून खाली आली आणि हळूच म्हणाली, "सर इचारत होते. परीक्षेची फी कधी भरणारेस? अनंत चतुर्दशी झाली की दोन दिवसांत फॉर्म बंद."

"भरती की."

"हायत का पैशे?"

प्रियदर्शनीने बटण दाबून गुळव्याला पाडलं. तिने पंच्याऐंशी रुपयांची फी माझ्यात घातली होती. बोटं मात्र थांबली नाहीत. काचेवर तिचा चेहरा उमटला होता, बारक्याच्या मागे, आणि मला वाटलं, आम्ही तिघेही एकाच दारापुढे अडकलो आहोत. ती तिकडून, बारक्या आतून, आणि मी दोघांच्या मध्ये काच होऊन.

मग जैनांचं दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस उपास, मंदिर, स्वाध्याय. त्या दहा दिवसांत काकू माझ्यावर जुनी चादर टाकत आणि मारामारी बंद. गणपतीची सुट्टी असलेली पोरं चादरीकडे बघून हळहळत. चादरीखाली अंधार आणि शांतता. कुणाचाही रुपया आत पडत नव्हता. खोटं कशाला सांगू, ते दहा दिवस मला सणाचेच वाटले.

पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहान-थोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात आणि 'उत्तम क्षमा' म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागायची. अण्णा दरवर्षी हे गिऱ्हाइकांनाही म्हणत. त्या सकाळी त्यांनी भाऊसोला हात जोडले, पोरांना जोडले. टायपिंगला निघालेली प्रियदर्शनी दिसली, तिलाही जोडले.

"उत्तम क्षमा, बाळ."

ती थांबली. मग म्हणाली, "कशाची, अण्णा?"

"आता कशाची म्हंजे... सगळ्याचीच. कळत-नकळत काय झालं आसंल त्याची."

"मग सातव्या दाराची मागा. मी सहावा अकरा बारी पाडलाय. फीचं पैशे गेलं माझं. माझं चुकतंय का डब्याचं, येवढं तरी सांगा. बाबांना काय सांगू मी?"

अण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले. गल्ल्यावरून काकू म्हणाल्या, "आवं, चूक काय ते ठावं नसताना क्षमा मागायची म्हंजे कोऱ्या कागदावर सही की. उघडा त्यो डबा."

"सील हाय. तोडलं तर अनामत जाती, पाच हजार."

"मग हात तरी सोडा जोडल्यालं."

अण्णा दुकानात गेले आणि तिथंच उभे राहिले. पाच हजार म्हणजे त्यांच्या दुकानाची चार महिन्यांची कमाई. मी त्यांना बघत होतो. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी बाहेर येऊन एका पोराला हाक मारली, "जा रं, स्टँडवरनं धोंडिरामना बलवून आण. हत्यारं घेऊन या म्हणावं."

धोंडिराम आले. लेकीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं; फीचं सगळं त्या पोराने वाटेतच सांगितलेलं दिसत होतं. अण्णांनी स्वतःच्या हाताने पकडीने तार तोडली, धोंडिरामांनी कुलपाचे स्क्रू काढले. शिशाचा तो तुकडा फरशीवर पडला. आवाज फार बारीक झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं पोट आमच्या माणसांपुढे उघडलं. लाज वाटली. सुटल्यासारखंही वाटलं.

धोंडिरामांनी बॅटरी मारली, डोळ्याला भिंग लावलं. "ह्या सहा चिपा, सहा दारं. आणि ही सातवी खोबण." त्यांनी तीत बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. "खाली. पयल्यापासनंच खाली हाय. काढलेली न्हाई, बसवलीच न्हाई. अण्णा, सातवं दार ह्या डब्यात हायच न्हाई."

"म्हंजे त्यो टीव्ही..."

"जे दारच न्हाई त्ये उघडंल कोण? पोस्टरवाल्यानं चोख हिशेब केलाय."

"आयला!" भाऊसो ओरडला. "आमी बिनदाराच्या घराला दोन वर्सं धडका मारतोय!" या वेळी कुणी हसलं नाही.

अण्णा प्रियदर्शनीपुढे आले. सतरा वर्षांच्या पोरीपुढे पन्नाशीच्या माणसाने पुन्हा हात जोडले. "आता मागतो. भिंतीवर जबाबदारी दुकानाची म्हणून मीच लिवलं. न वाचता लिवलं. उत्तम क्षमा." आणि त्यांनी गल्ल्यातून फीचे पैसे काढले.

धोंडिरामांनी हात आडवा केला. "तसं नगं. पोरीनं स्वतःच्या हातानं घातलं, त्ये आमचं. फौजेत फुकटचा पगार घेतला न्हाई, आता घेऊ काय?"

काकूच बोलल्या, "मग डबा उघडायची मजुरी किती हुती तुमची?"

धोंडिरामांनी हत्यारं पिशवीत भरता भरता विचार केला. "सील तोडल्यालं मशीन. जोखमीचं काम. पंच्याऐंशी रुपये हुत्याल."

"लय हुतंय," काकू म्हणाल्या.

"आवं, सिग्नलचा माणूस हाय. कमी कुठनं करू?"

अण्णांनी मजुरी मोजून दिली. धोंडिरामांनी ती तशीच लेकीच्या हातात ठेवली. "जा. वर जाऊन भरून ये. आणि त्या टीव्हीचं मनातनं काढ. पाव्हणाच बरा हाय आपल्याला. येतोय, बरा हुतोय, जातोय."

ती गेली, फॉर्म भरून खाली आली. पोरं पांगली होती. तिने माझ्यापुढे उभं राहून खिशातून एक रुपया काढला. अण्णा दचकले. "आता कशाला, बाळ?"

"एकदाच, अण्णा. राग न्हाई."

ती खेळली. मी तितका सुंदर खेळ कधी पाहिला नाही. गुळव्या, तलाठी, सगळे भराभर बाजूला झाले. सहावा पडला. दार उघडलं. सगळे तिथं आत धावतात, कारण वर सेकंद उलटे मोजले जात असतात. तिने दांडी सोडून दिली. बारक्या उघड्या दारापुढे शांत उभा राहिला, एकही जीव न गमावता. वीस सेकंद उरले. दहा. वेळ संपली की तो मरतो, हे तिला माहीत होतं. सहा. पाच. ती खाली वाकली आणि भिंतीतून माझा प्लग उपटला.

चौथ्या दिवशी साहेब आला. सील बघितलं, अनामत जप्त केली, अण्णांशी दोन शब्द जादाचे बोलला आणि मला टेम्पोत घालून इथे मलकापूरला आणून सोडलं. तोवर नव्या पाट्या आल्या होत्या. माझी पाटी चालते का हे बघायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. शेजारच्या अकरा जणांना मी अंधारात विचारलं. सगळ्यांची सातवी खोबण रिकामी. एकेका गावात त्यांच्यापुढेही एकेक प्रियदर्शनी उभी राहिली असणार.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात: आम्हाला पुसा, तेल-पाणी करा, पुन्हा चालू करा. माझं मागणं उलटं आहे. कधी या गोदामात आलात, प्लग हातात आला, तर तो लावू नका. कुशीवरचं चित्र बघून भुलू नका. कुठल्याही डब्यात रुपया टाकण्याआधी मागचं दार उघडायला लावा आणि खोबणी मोजा. आणि अकरा वेळा जिंकूनही दार उघडत नसेल, तर चूक स्वतःत शोधत बसू नका.

वीज गेली की पाटीवरचं सगळं पुसलं जातं, असं धोंडिराम म्हणाले असते. असेल. पण माझ्या लेखी बारक्या अजून तिथंच उभा आहे. सगळे जीव शाबूत, पाच सेकंद हातात. पुढे राजवाडा नाही हे त्याला कळलंय, म्हणून तो धावत नाही. मी चालू झालो, तर मला पुन्हा तेच वाक्य म्हणावं लागेल, आणि तो पुन्हा धावायला लागेल.

त्याला उभं राहू द्या.